रिकामा देव्हारा

कळव्याच्या फ्लॅटमध्ये आज निरांजन विझलं आणि जळक्या वातीच्या वासासरशी मला विठ्ठलवाडीची आमची जुनी खोली आठवली.

धाकटा भाऊ बाळू तापाने गेला, तेव्हा आईने रागाने सगळे देव मामाकडे पाठवून दिलेले. तरी बाबा रोज रिकाम्या देव्हाऱ्यापुढे निरांजन लावत.

एकदा मी विचारलं, "बाबा, यात तर कुणीच नाही. नमस्कार कुणाला करता?"

"अगं, या पोकळीलाच. देवाला ना रूप, ना आकार. आपला बाळू आता त्याच्यातच आहे."

भाकरी थापणारी आई पिठाच्या हातांनीच उठून आली आणि देव्हाऱ्यासमोर बसून मोठमोठ्याने रडली.

तेव्हा वाटलेलं, बाबांनी तिला दुखावलं. आता कळतं, बाळू गेल्यापासून घरात त्याचं नाव कुणीतरी पहिल्यांदाच घेतलं होतं.