गाडीखाली जाण्याआधी

कारखान्याचं गळीत बंद झालं की आमच्या घरची जीप जॅकवर चढायची. वडील, म्हणजे आमचे दादा, साखर कारखान्यात फिटर होते. हंगाम संपला की तिथे एकेक यंत्र खोलून, पुसून, पुन्हा बसवलं जातं. त्या दिवसांना सगळे ऑफ सीझन म्हणतात. दादांनी तीच शिस्त घरच्या गाडीला लावली होती आणि निवृत्तीनंतरही मोडली नाही. मे महिन्यातला एक रविवार जीपचा, हे देवळाली प्रवरातल्या आमच्या गल्लीला माहीत होतं. त्या दिवशी कोणी गाडी मागायला येत नसे.

ऊन चढायच्या आत काम सुरू होई. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. जॅकखाली शहाबादी फरशीचा तुकडा, कारण अंगण काळ्या मातीचं. वरून टणक दिसलं तरी वजन पडलं की जॅक रुतायचा. गाडी उचलली की चासीखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, बाभळीचे जाड ठोकळे सरकवायचे, तेही हाताने नाही, काठीने. मग जॅक सैल करून वजन ठोकळ्यांवर घ्यायचं आणि खांद्याने गाडीला जोराचा धक्का द्यायचा. हलली नाही तरच आत शिरायचं. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही, हे वाक्य आम्हा भावंडांना शाळेतल्या प्रतिज्ञेइतकं पाठ होतं.

गाडीची चावी आईकडे असे. कारखान्यात यंत्रात उतरणारा माणूस आधी स्विचला स्वतःचं कुलूप लावी आणि किल्ली खिशात ठेवी. घरी ते काम आईचं. चावी कमरेला खोचून ती बॉनेटसमोर खुर्ची टाकून बसे, मांडीवर सुपात निवडायचं धान्य घेई आणि बोलत राही. खालून उत्तर येणं थांबलं तर काही बिघडलं, असा तो हिशेब होता. प्रत्यक्षात ती वर्षभराची सगळी भांडणं त्या दोन तासांत उरकायची. नात्यातली लग्नं, न दिलेले निरोप, दादांच्या बहिणीचा स्वभाव, सगळं निघायचं.

“अहो, ऐकताय ना?”

“ऐकतोय. हितनं जाणार कुठं?”

मी नाशिकला वर्तमानपत्रात लागलो तरी त्या रविवारी शक्यतो घरी जाई. ग्रीस, रॉकेल आणि नुकत्याच शिंपडलेल्या मातीचा एकत्र वास मला अजून ओळखता येतो. तो आता कुठे येत नाही.

दोन वर्षांपूर्वी दादा त्र्याहत्तर वर्षांचे होते. राहुरीच्या गॅरेजमध्ये गाडी वर उचलायची लिफ्ट आहे, तिथे नेऊ, असं मी फोनवर सुचवलं होतं. त्यांनी विषय बदलला. आईने मात्र मला हळूच सांगितलं, की यंदा तूही समोर थांब. मी तिथे कशासाठी आलो होतो ते तिघांनाही ठाऊक होतं. गाडीखाली जाण्याचं हे त्यांचं शेवटचं वर्ष असावं, एवढं मला त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं होतं. ते कसं बोलावं हे सुचत नव्हतं.

अंगणात त्या वर्षी पेव्हर ब्लॉक होते. आई चिखलात घसरली म्हणून आदल्या दिवाळीत मीच ते बसवून घेतले होते. फरशीचा तुकडा ठेकेदाराच्या माणसांनी राडारोड्यात टाकला. आता पक्कं झालंय, फरशी कशाला, असं दादा म्हणाले. मलाही ते पटलं. ब्लॉकखाली नुसती दगडाची कच पसरलेली होती आणि तिच्याखाली तीच काळी माती, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्यांनी पुढचं डावं चाक उचललं. ठोकळा जवळ ओढला. काठी भिंतीपाशी राहिली होती. ती मागण्याऐवजी ते गुडघ्यावर बसले आणि हातानेच ठोकळा आत सरकवू लागले. मी पाहत होतो. बोललो नाही. इतकी वर्षं त्यांच्या कामात कोणी बोललं नव्हतं.

समोर खुर्चीत बसलेल्या आईच्या हातातलं सूप थांबलं.

“हात काढा,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “जॅक वाकडा झालाय.”

दादांनी हात बाहेर घेतला, वाकून पाहिलं आणि सरळच तर आहे, असं म्हणाले. तरी सवयीने उठले आणि बाजूला उभं राहून गाडीला खांदा लावला. जीप एकदम खाली आली. जॅक निसटून पाण्याच्या हौदावर आदळला. त्याच्याखालचा ब्लॉक एका बाजूने चार बोटं खचला होता. ठोकळा अर्धाच आत होता, चासीखाली पोचलेला नव्हता.

आईने सूप खाली ठेवलं. दादा खचलेल्या ब्लॉकपाशी बसले, बोट फिरवून त्यांनी उतार पाहिला. ब्लॉकचं काम माझं, चूक माझी, असं काहीसं मी सुरू केलं. त्यांनी मान हलवली.

“ब्लॉकचं सोड. तुझ्या आईला तिकडनं दिसलं. मी हातभर अंतरावर हुतो, मला दिसलं न्हाई.”

मग त्यांनी आईकडे पाहिलं.

“आता हे माझं काम न्हाई गं.”

आई एवढंच म्हणाली, “बरं.”

मी जे बोलायला आलो होतो ते बोलावं लागलं नाही. त्याचं मला बरं वाटलं, असं मात्र म्हणता येत नाही.

चहा झाल्यावर दादांनी राहुरीच्या गॅरेजचा नंबर माझ्याकडून लिहून घेतला. फोन मी लावून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. ओट्यावर उभं राहून त्यांनी पलीकडच्या मिस्त्रीला कामं सांगितली. कुठला नट मागच्या वर्षी बदलला, कुठे ग्रीस जास्त लागतं, सायलेन्सरची पट्टी कोणत्या बाजूने झिजली आहे. कारखान्यात पाळी बदलताना पुढच्या माणसाला सांगावं तसं. मिस्त्रीने गाडी कधी आणता म्हणून विचारलं असावं.

“तुमच्या सवडीनं सांगा,” दादा म्हणाले. “मला काय घाई न्हाई.”