लाल रंगाची डॉर्कस

आमच्या टेबलाभोवती बसणाऱ्या प्रत्येक बाईकडे एकच रंग असायचा. छापलेलं चित्र एका टोकाला यायचं, हातोहात पुढे सरकायचं आणि दुसऱ्या टोकाला रंगून दोरीवर वाळत पडायचं. मी निळी. माझ्या शेजारी डॉर्कस व्हिटल, लाल. पांढरा रंग कुणाकडेच नव्हता, कारण पांढरं म्हणजे कोरा कागद. आणि आमच्या मालकांचा, टँडींचा, व्यंगचित्रं विकायचा सगळा धंदा त्या कोऱ्या कागदावर चालायचा. चित्रात लॉर्ड किंवा त्यांच्या बायका असल्या की त्यांचे हात कोरे सोडायचे. दुकान-कारखान्यातून वर आलेल्यांचे मात्र नाक आणि हात लाल करायचे. मग दुकानाच्या काचेबाहेर जमलेल्या लंडनकरांना, वाचता येवो न येवो, कुणाला हसायचं ते लांबूनच कळायचं.

डॉर्कसची बोटं रविवारीही लालच. नावाडी नवरा थेम्समध्ये बुडाला, तेव्हापासून त्या एका ब्रशवर तिने लेकीला वाढवलं. बाई आडव्या बांध्याची, आवाज धक्क्यावरचा, आणि कुणाच्या बापाला भ्यायची नाही. मला ती फार आवडायची, हे सांगूनच टाकते.

लेक केझिया स्वभावाने आईच्या अगदी उलट, मऊ. तिचं गॅदरकोलांच्या सायलसशी जमलं. गॅदरकोल म्हणजे चरबीच्या मेणबत्त्या. त्यात पैसा इतका झाला की गॅदरकोलबाईंनी बड्या लोकांच्या चौकात घर घेतलं, बग्गी घेतली, डोक्यावर शहामृगाची पिसं चढवली आणि जुन्या शेजाऱ्यांना ओळख द्यायचं बंद केलं. मुलगा हट्टाला पेटला म्हणून लग्नाला हो म्हणाल्या, पण अट घातली. मुलीची आई चर्चमध्ये दिसता कामा नये. चौकात तर त्यांनी सांगूनही टाकलं होतं की मुलीची आई गावाकडे वारली.

"मला पुरलंय कुठे, ते तेवढं विचारून ये सासूला," डॉर्कस लेकीला म्हणाली. "फुलं वाहायला जाईन म्हणते."

केझिया रडरड रडली. आईशिवाय तिला उभं राहायचं नव्हतं, आणि सायलसशिवाय तिला जगायचं नव्हतं. डॉर्कस हसली खरी, पण त्या आठवड्यात तिचा ब्रश दोनदा रेघेबाहेर गेला. असं कधी होत नसे.

अशात नवीन चित्र आलं. मोठ्या घरचा नाच चाललाय, गॅदरकोलबाईंची पिसं झुंबराला लागून पेटलीत, आणि शेजारची काउंटेस नाक धरून म्हणतेय, "बाई, तुमच्याच मालाच्या वासाने ओळखलं हो तुम्हाला!" नमुन्यावर मालकांनी नेहमीसारखं रंगवून दिलं होतं. काउंटेसचे हात कोरे, बाईंचे लालभडक.

"घे गं सूड!" पिवळीने डॉर्कसला कोपर मारलं. "असा रंग थाप की कागद फाटला पाहिजे."

लंडनमध्ये चित्राआधी चित्राची बातमी पोचते. दुपारी मागच्या दाराने एक बाई आली, तोंडावर जाळीचा पडदा. गॅदरकोलबाईच होत्या.

"चित्र थांबव असं नाही म्हणत मी," त्या डॉर्कसला म्हणाल्या. "काउंटेसच्या शेजारी छापून येणं काय ऐऱ्यागैऱ्याच्या नशिबी असतं? पण माझे हात तेवढे कोरे ठेव. तुला काही करायचंच नाहीये, ब्रश लावायचा नाही, एवढंच. मग ये तू लग्नाला. मागच्या बाकावर बस, हातमोजे घालून."

"आणि मेलेली बाई उठून कशी आली म्हणून सांगाल?"

"मुलीची मावशी म्हणून सांगेन."

"हात दाखवा तुमचे," डॉर्कस म्हणाली.

"काय?"

"कोरे आहेत का बघू दे."

मला वाटलं, बाई आता पाय आपटत निघणार. पण त्यांनी हातमोजा काढला. मनगटापर्यंत कातडी लाल, चुरगळलेली.

"उकळत्या चरबीत वाती बुडवायचे मी," त्या हळूच म्हणाल्या. "नवऱ्याने माणसं ठेवीपर्यंत."

डॉर्कसने तो हात उलटसुलट करून पाहिला. "दुखतं?"

"थंडीत."

"जा तुम्ही. बघते मी."

"सोड कोरा," त्या गेल्यावर मी म्हटलं. "लेकीचं भलं होतंय."

"सोडला असता गं. पण कोरा सोडला म्हणजे त्या हातांची लाज मलाही वाटली असंच झालं. मग माझ्या हातांचं काय करू? तोडून टाकू?"

तिने ब्रश बुडवला आणि गॅदरकोलबाईंचे हात छान लाल केले. मग शांतपणे काउंटेसचेही केले. मग नाचाला साथ करणाऱ्या सारंगीवाल्याचे.

"अगं बये, मालक हाकलतील!"

"हाकलू देत. समोरच्या गल्लीतली चित्रांची दुकानं ओस पडलीत काय? आणि काउंटेसला हात नाहीत होय?"

सकाळी चित्र काचेत लागलं आणि बाहेर कल्लोळ उडाला. एक मासेवाला काउंटेसकडे बोट दाखवून ओरडला, "ती बघा मेणबत्तीवाली!" दुसरा म्हणाला, "गाढवा, मेणबत्तीवाली ती पेटलेली! नाक धरलंय ती काउंटेस." "मग तिचे हात का लाल?" "चोरून भांडी घासत असेल!" कोण कुठली याच्यावर पैजा लागल्या. मालक लालबुंद होऊन आत आले, पण त्यांच्या पाठोपाठ गिऱ्हाईकं घुसली, तेव्हा राग गिळून ते डॉर्कसला म्हणाले, "उरलेलीही अशीच कर. आणि ही कल्पना माझी होती, समजलं?"

गर्दीत जाळीचा पडदा मला दिसला. स्वतःचे लाल हात पाहून गॅदरकोलबाई तडक वळल्या. मग लोकांचं बोलणं कानी पडलं असावं. थांबल्या, पुन्हा काचेपाशी आल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या. आत मात्र आल्या नाहीत, निरोपही नाही.

लग्नाच्या सकाळी डॉर्कस बोलावण्याशिवाय गेली. उघड्या हातांनी, मधल्या वाटेने, थेट पुढे. मागून मी. वेदीपाशी उभ्या केझियाने वळून पाहिलं आणि तिचा रंगच उडाला. चौकातल्या एका बाईसाहेबांनी दांडीचा चष्मा डोळ्यांना लावला आणि गॅदरकोलबाईंच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कोण हो ही लाल हातांची?"

 गॅदरकोलबाईंनी डॉर्कसच्या हातांकडे पाहिलं.

"ती?" त्या म्हणाल्या. "माझी विहीण. सरका जरा, तिला बसू द्या."