डावीकडचा सेन्सर

शहापूरहून मुरबाडला जाताना किन्हवलीच्या अलीकडे सतीश भालेरावचं घर लागतं. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एकवीस वर्षं त्यानं वीजपॅनेलचं वायरिंग केलं. कंपनी बंद पडली तेव्हा तो एक्कावन्नचा होता. मग त्यानं कल्याणहून एक वापरलेली पांढरी गाडी आणली आणि आसपासच्या गावांतली भाडी मारायला लागला.

भाडी बहुतेक आजारी माणसांची. बाळंतपणाची बाई, पाय मोडलेला म्हातारा, डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेली आजी. सतीश गाडी हळू चालवतो, खड्डा चुकवतो, दवाखान्यात सोबत थांबतो, असं लोक सांगायचे. सोमवार आणि गुरुवार मात्र ठरलेले. त्या दोन दिवशी सरळगावच्या पुढच्या कुंडलिकदादाला डायलिसिससाठी कल्याणला न्यायचं. कुंडलिक भात लावणारा माणूस, सतीशहून दहा वर्षांनी मोठा. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. सकाळी सहाला त्याची बायको चंदा त्याला हाताला धरून गाडीशी आणायची. तो पुढच्या सीटवर बसायचा आणि रस्ताभर बोलत राहायचा.

"डावीकडून सायकल आली बघ रे."

"दिसली, दादा."

"म्हशी हायत पुढं, कडेला."

सतीशला वाटायचं, दुखण्यानं माणूस घाबरट झालाय. कित्येक महिने त्यानं ते ऐकून घेतलं.

गाडीला मागच्या बंपरमध्ये चार सेन्सर होते. मागे घेताना जवळ काही आलं की आत बीप वाजायचा, आणि अडथळा उजवीकडे आहे की डावीकडे, ते एका छोट्या पट्टीवरच्या दिव्यांनी कळायचं. मार्च महिन्यात सतीशनं गाडी मागे घेताना डावा कोपरा दवाखान्याच्या खांबाला घासला. सेन्सर वाजला नव्हता. आठवड्याभरानं तोच कोपरा अंगणातल्या पाण्याच्या टाकीला लागला. तेव्हाही तो वाजला नाही.

पुढच्या रविवारी सतीशनं बंपर उतरवला. गाडी रिव्हर्सला टाकून तो मागे आला आणि एकेका सेन्सरवर बोट ठेवून बघायला लागला. चालू सेन्सर बोटाला बारीक टिकटिक देतो. तिघांनी दिली, डावीकडच्यानं दिली नाही. त्याची वायर सोडवली तर जोडाच्या पिना हिरव्या पडलेल्या. पावसाचं पाणी कधीतरी आत गेलं असणार. त्यानं पिना घासून साफ केल्या, एक तुटकी वायर कापून नवीन जोडली, वर रबरी नळी चढवली. केसाएवढ्या तारेवर त्यानं पहिल्याच फटक्यात सोल्डरचा डाग दिला. त्याची बायको पौर्णिमा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला त्यानं हाक मारली.

"बघ गो. छप्पन्न वर्षांचा झालो, पण चष्मा लागत नाय."

सेन्सर चालू झाला. पण चारच दिवसांनी सतीशची तक्रार सुरू झाली, की आता तो खोटा वाजतो. मागे काही नसताना बीप देतो. त्यानं परत बंपर उतरवला, सेन्सरची दिशा बदलली. तरी तेच. मग उल्हासनगरहून दुसरा सेन्सर आणून बसवला. तोही तसाच वाजायला लागला. चार रविवार त्याचे त्यात गेले. दर वेळी साफ केल्यामुळे पिना लखलखत होत्या.

पाचव्या रविवारी बंपर नुसता अडकवून तो गाडी मागे घेत होता. बीप वाजला. त्यानं ब्रेक दाबला, मागच्या काचेतून पाहिलं, आरशात पाहिलं.

"परत खोटं बोलतोय हा," तो म्हणाला. "आता ह्याचा कंट्रोलचा डबाच बदलावा लागेल."

"अवो," पौर्णिमाचा आवाज आला, "मी उभी हाय ना."

तो खाली उतरला. ती डाव्या कोपऱ्यापासून दोन हातांवर उभी होती, हातात धुतलेल्या कपड्यांची बादली. अंगावर पिवळं पातळ.

"कधी आलीस?"

"मगाशीच. तुमी मागं बघितलं तवा मी इथंच होते. माझ्याकडं बघितलंत की तुमी."

पौर्णिमानं बादली खाली ठेवली. तिनं त्याला समोर बघत उभं केलं आणि त्याच्या डाव्या कानाजवळ हात धरून हळूहळू पुढे आणत गेली.

"दिसला की सांगा."

हात गालापुढून, जवळजवळ नाकासमोर आला, तेव्हा तो "आता" म्हणाला. उजवीकडे थोडं बरं होतं. तिनं तीनदा हात फिरवला. मग दोघंही ओट्यावर जाऊन बसली. बंपरचे स्क्रू वाटीत तसेच राहिले.

कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काचबिंदू असल्याचं सांगितलं. तो दुखत नाही, कळत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहते, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक आहे.

"चष्म्यानं सुधारेल?" सतीशनं विचारलं.

"गेलेलं परत येणार नाही, काका. आहे ते टिकवायला रोज थेंब घालायचे. आणि गाडी चालवायची नाही. उद्यापासून नाही, आजपासूनच."

गाडी तिथेच दवाखान्याच्या आवारात ठेवून दोघं एसटीनं घरी आली. पुढे ती पौर्णिमाच्या भावानं आणून दिली.

दुसऱ्या दिवशी सतीश बसनं सरळगावला उतरला आणि चालत कुंडलिकच्या घरी गेला. कुंडलिक पडवीत बाजेवर पडला होता. पाय सुजलेले. चंदानं चहा दिला. सतीशनं डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. कुंडलिकनं सगळं ऐकून घेतलं.

"मला म्हायती होतं," तो म्हणाला.

"काय म्हायती होतं?"

"तुला डावीकडचं दिसत नाय ते. गेल्या दिवाळीत एक पोरगी रस्ता ओलांडत होती. मी वरडलो तवा तू ब्रेक मारलास. तवापासून मी दर फेरीला सांगत बसतो."

सतीशनं कप खाली ठेवला. "मग बोलला का नाहीस, दादा?"

कुंडलिकनं छपराकडे पाहिलं. "बोललो असतो तर तू गाडी बंद केली असतीस. तू तसलाच हायस. मग मी कसा गेलो असतो रे?"

आतल्या खोलीत चंदा भांडी लावत होती, तो आवाज थांबला. सतीशला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या पोरीचा चेहरा त्याला आठवेना. त्यानं ती पाहिलीच नव्हती.

सतीशनं जीपवाल्या ज्ञानेश्वरला गाठलं. सोमवार-गुरुवार सकाळी सहा. ज्ञानेश्वर हो म्हणाला, आणि दोन आठवडे नीट आला. मग लग्नसराईची भाडी आली. कधी तो आठला यायचा, कधी निरोप धाडायचा. उशीर झाला की दवाखान्यातली वेळ दुसऱ्या कोणाला जायची. सतीश बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी ज्ञानेश्वरला फोन करायचा, सकाळी पाचला परत करायचा. एकदा जीप आलीच नाही, तेव्हा तो अंगणात जाऊन स्वतःच्या गाडीत बसला. चावी लावली. पौर्णिमा दारातून बघत होती. तिनं अडवलं नाही. तो तसाच बसून राहिला, मग चावी काढून घरात आला.

आषाढात कुंडलिकच्या दोन फेऱ्या चुकल्या, श्रावणात तीन. भाद्रपदात एका गुरुवारी दम लागला म्हणून त्याला शेजारच्या टेम्पोतून नेलं. मुरबाडच्या पुढं जाईपर्यंत तो गेला होता.

सतीश आणि पौर्णिमा अंत्यविधीला गेली. ओढ्याकाठची वाट चिखलाची होती, पौर्णिमा त्याच्या डाव्या अंगानं चालत होती. चंदा त्याच्याशी नीट बोलली. त्याला बसायला घोंगडी दिली. डॉक्टर म्हणाले होते की कुंडलिकचं हृदयच थकलं होतं, फेऱ्या चुकल्या नसत्या तरी फार दिवस नव्हते, असं तिनं दोनदा सांगितलं. सतीशनं मान हलवली.

गाडी दसऱ्याआधी विकली. आता तो किन्हवलीला एका गॅरेजच्या कोपऱ्यात बसून गाड्यांचं वायरिंग करतो. काम चांगलं करतो. लोक लांबून येतात.

सकाळ-संध्याकाळ पौर्णिमा त्याच्या डोळ्यांत थेंब घालते. त्यानंतर पाच मिनिटं डोळे मिटून राहायचं असतं. अशाच एका सकाळी, डोळे मिटलेले असताना, तो म्हणाला, "तीन-चार महिने मी अजून चालवली असती तर?"

"आणि एखादं पोर चाकाखाली आलं असतं तर?"

"ते कळतं मला."

"मग?"

"कळतं गो. कळून काय करू?"

तिनं त्याच्या गालावर ओघळलेला थेंब पदरानं पुसला. औषधाचा होता की कशाचा, तिनं विचारलं नाही.