गाडी किती वाजता पोचते?

मार्थाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या एसटी स्टँडवरच उभी होते. तिच्याकडेच निघाले होते. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता पोचायची वेळ कुणाला सांगायची...

आत्या श्रीगोंद्याकडच्या एका मिशन दवाखान्यात नर्स होती. तिथल्या स्पॅनिश सिस्टरनं तिला पुढच्या शिक्षणासाठी स्पेनला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी शाळेत होते. "एकटी जाणार तू. आधी गाडीची वेळ विचारायला शीक," म्हणून सिस्टरनं पहिला धडा तोच दिला : आ के ओरा येगा? म्हणजे, किती वाजता पोचते? आत्यानं तो धडा अख्ख्या गावावर गिरवला. दूधवाला सुटला नाही, फादर सुटले नाहीत. एकदा तर स्टँडवर तिनं कंडक्टरलाच स्पॅनिशमधून विचारलं आणि वर त्याचा अर्थही सांगितला. तो गंभीरपणे म्हणाला, "बाई, कोंच्याबी भाषेत इचारा, गाडी आली म्हंजे आली!" आत्या पोट धरून हसली. पासपोर्ट झाला, निळी ट्रंक आली... आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ. दवाखान्याच्या ओट्यावर बाया हाडं वर आलेली पोरं मांडीवर घेऊन बसून राहायच्या. "ह्यांना टाकून कशी जाऊ? पुढच्या वर्षी जाईन," आत्या म्हणाली. पुढच्या वर्षी सिस्टरच आजारी पडून मायदेशी गेली आणि सगळं तिथंच राहिलं. मला त्याचं आजही फार वाईट वाटतं. आत्यानं मात्र कधी कुरकुर केली नाही.

प्रश्न तेवढा तिच्याकडे उरला. घरातून कुणी "येतो" म्हणून उठलं, की स्वयंपाकघरातून आवाज यायचाच, "आ के ओरा येगा?" मग "आ लास थिंको", म्हणजे पाच वाजता, असं काहीतरी उत्तर दिल्याशिवाय सुटका नसायची. आणि पाचाला चहाचं आधण चढलेलं असायचं, आम्ही आलो न आलो तरी.

दफन उरकून निघताना मी सवयीनं दारात थांबले. कोपऱ्यात ती निळी ट्रंक होती. तिच्यात आता गोधड्या असतात. स्वयंपाकघरातून आवाज आला नाही. जन्मभर आम्ही तिला आमच्या यायच्या वेळा सांगत आलो... "आत्या, तुझी गाडी कधी?" एवढं आमच्यातल्या कुणीच कधी तिला विचारलं नाही.

"आ लास थिंको, आत्या," मी मोठ्यानं म्हटलं आणि रडतच स्टँडची वाट धरली.