वरचा चौकोन

कॉलेज रोडवरच्या एका गाळ्यात आम्ही चौघं बसायचो. दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. परदेशी गेलेल्या नाशिककरांसाठी आमच्या साहेबांनी साइट काढली होती. निरनिराळ्या वर्तमानपत्रांच्या साइटवरून जिल्ह्याच्या बातम्या आपोआप यायच्या आणि एका पानावर लागायच्या. त्या पानाचे साचे, म्हणजे टेम्प्लेट, मी बनवायचे. सगळ्यात वर एक मोठा चौकोन. फोटो असलेली, लोकांनी जास्त उघडलेली बातमी त्यात चढायची. जितकी उघडाल तितकी ती वर टिकायची. ही अक्कल साहेबांची! कांद्याचे भाव, द्राक्षांवरची गारपीट आणि अपघात, यांपलीकडे त्या चौकोनात कधी काही चढलं नाही.

शेजारच्या टेबलावरची मुलगी मखमलाबादकडची. घरी फुलशेती. वडील पहाटे लूनावर झेंडू लादून बाजारात यायचे. मोठा भाऊ अमेरिकेत. दिवाळीत तो आला तेव्हा हिने त्याच्या लॅपटॉपवर आमचंच पान पहिलं उघडेल असं लावून दिलं. "गावची खबर रोज दिसंल त्याला," म्हणून ऑफिसभर मिरवली होती.

एका सकाळी ती आली नाही, तिचा फोन आला. "ताई, अण्णा गेले. पहाटे ट्रकनं उडवलं."

ती पुढे बोलली. "दादाला सांगितलं नाय. दवाखान्यात ठेवलंय, लगेच ये, एवढंच बोललो. एकटा येणार गं तो एवढ्या लांबून. पेपरवाल्यांनी फोटो काढलेत. आपल्या पानावर येऊ देऊ नको."

आपल्याकडे असंच करतात. लांबच्या माणसाला 'सीरियस आहे' म्हणायचं, दारात पाऊल पडेपर्यंत खरं सांगायचं नाही. मला ही रीत कधीच पटली नव्हती. त्या दिवशी पटली.

पान उघडलं तर बातमी वर चढलेलीच. आडवी लूना, रस्ताभर झेंडू, खाली नाव-गाव. मी टेम्प्लेटमधून तो चौकोनच उडवला. थोड्या वेळात साहेब केबिनमधून गरजले, "वरचं कुठं गेलं?" त्या दुपारी एक बिल्डर जाहिरात ठरवायला यायचा होता. मी सगळं सांगितलं, अक्षरशः हात जोडले. ते म्हणाले, "वाईट झालं. पण आत्ता नको. बिल्डर पान बघून गेले की काढ." आणि जुना साचा स्वतःच्या हातानं परत चढवला, वर माझा पासवर्डही बदलला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा मेला, दुसरं काय म्हणू!

बिल्डर आला, समोसे आले. पान कुठून किती वेळा उघडलं जातं ते साहेबांनी पडद्यावर दाखवलं. "हे बघा. अमेरिकेतला हा एकच वाचक सकाळपासून वरची बातमी पुन्हा पुन्हा उघडतोय. याला म्हणतात गावाची ओढ!"

पडद्यावर तिथल्या शहराचं नाव होतं. ते मला पाठ होतं, आमच्या ऑफिसात ते रोज ऐकू यायचं. तिच्या दादाच्याच उघडण्यानं ती बातमी वर टिकली होती.

बिल्डर समोसा चघळत म्हणाला, "असल्या बातम्या रोज मिळतात का हो?"

"रोज!" साहेब म्हणाले.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मी जिन्यात गेले.

"काढलीस ना, ताई?"

"हो," मी म्हणाले.

"देवासारखी धावलीस बघ. दादा आत्ता विमानात बसला. त्याला काहीच माहीत नाय. उलट मलाच समजावतो, तू रडू नको, मी येईपर्यंत अण्णांना मोसंबीचा रस पाजत राहा."