सलामाचा तुकडा

फिल्म जोडताना कापलेले तुकडे साठतात, तसे किस्सेही साठतात. तुकडे फेकता येतात. किस्से फेकवत नाहीत!

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्य प्रांतात होता. चिखलीच्या मॅट्रिकच्या पोरांनी गॅदरिंगसाठी छोटी मुकी फिल्म काढली. कॅमेरा त्यांच्यातल्या विनायकच्या नागपूरच्या मामांचा. मी सहावीतच शाळा सोडून तंबू टॉकीजमध्ये तुटलेली फिल्म जोडायला लागलो होतो, म्हणून कापाकापी माझ्याकडे आली. मॅट्रिकची पोरं मला 'मास्तर' म्हणायला लागली! मी लाजेनं मान वर करत नसे.

*

पहिलं रीळ पाहिलं, तर अख्ख्या बाजारात एक माणूस हलत नव्हता! कॅमेरा दिसला की सगळे फोटोला उभे. भाजीवालीचा तराजूसुद्धा हवेत थांबलेला. हलत होतं ते फक्त एक कुत्रं.

विनायक म्हणाला, "कुत्रं ठेव बे. ॲक्टिंग त्यालेच येते!"

*

हीरो होता गजा. अर्धं शूटिंग झालं आणि त्याचे काका वारले, डोकं भादरावं लागलं. आता फिल्ममध्ये घरातून निघताना झुलपं, शाळेत पोचताना चकोट! पोरं रडकुंडीला आली.

मला बाजाराच्या रिळातला, झाडाखाली वस्तरा धरून थबकलेला न्हावी आठवला. तो मधे जोडला.

हेडमास्तरांनी विचारलं, "गोष्टीत हजामत कशाला?"

विनायक म्हणाला, "सर, शाळेत यायचं होतं ना!"

*

एक तुकडा मी घाईत उलटा जोडला. लावून पाहिलं तर बैलगाडी आली ती चाकं वर करून. नेमके बैलांचे मालक तुळशीरामभाऊ बघायला बसलेले.

"माहे बैल काऊन आभायात चालून राह्यले बे?"

भाऊंनी मान वाकडी करून पाहिलं.

"पन चालून राह्यले झकास!"

*

टांगेवाले रहीमचाचा फिल्ममध्ये डाकवाले झाले होते. गजाला चिठ्ठी दिली की थेट कॅमेऱ्याकडे वळून सलाम! तीनदा काढलं, तीनदा सलाम.

"चाचा, काऊन करता असं?"

"तुमीच म्हनता, इथून सारं गाव मले पाहीन. मंग गावाले सलाम नोको करू?"

हेडमास्तर म्हणाले, "डाकवाला कापा. सीन बिघडतो." मी कापला.

दुसऱ्या दिवशी चाचांनी टांगा थांबवला. "बेटा, अमडापूरहून बहिनीले बोलावलं. मले पाह्याले!"

तुकडा माझ्या खिशातच होता.

*

गॅदरिंगला खिडक्यांना घोंगड्या लावून हॉलमध्ये अंधार केला. चाचा नवी टोपी घालून बसले, शेजारी बहीण. फिल्म सुरू झाली. कुत्रं आलं, न्हावी आला, बैल पायांवर चालत आले.

बहीण म्हणाली, "भाई, तुमी कवा येता?"

"येतो ना, येतो."

'समाप्त' आलं. लोक उठायला लागले. विनायकनं मशीन बंद करायला हात घातला. मी त्याचा हात धरला. रीळ अजून बाकी होतं.

पडद्यावर चाचा आले. चिठ्ठी दिली. वळले. सलाम!

निघालेली माणसं जागीच थांबली. पहिल्या रांगेत हेडमास्तर उभे होते. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात कपाळाला लावला.