अध्यक्षांच्या मानाच्या काठीची चोरी

ती घटना आठवली की मला आजही हसू येतं, आणि तक्रार अर्ज घेताना महत्प्रयासानं ठेवलेला माझा गंभीर चेहराही आठवतो.

दुष्काळाचं वर्ष होतं. बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सहकारी कारखान्याच्या सभासदांनी उभारलेल्या एका विद्यापीठात नव्या अध्यक्षांचं पदग्रहण चार दिवसांवर आलं होतं, आणि नेमकी मानाची काठी कपाटातून नाहीशी झाली होती. काठी बाभळीची, पुरुषभर उंच. प्रत्येक अध्यक्ष पायउतार होताना तिच्यावर आपल्या नावाचं चांदीचं कडं चढवत असे. काठी पुढं, अध्यक्ष मागं, असा रिवाज. ती सभागृहात आल्याशिवाय नव्या अध्यक्षांनी खुर्चीत बसायचं नाही.

काठी धरण्याचा मान एका वयस्कर शिपायाचा. सगळे त्यांना मामा म्हणत. पहिल्या अध्यक्षांनी काठी त्यांच्या हाती दिली तेव्हा "बौद्धवाड्यातला माणूस अध्यक्षांच्या पुढं चालणार?" अशी कुजबुज झाली होती. "पुढंच चालणार," एवढं बोलून अध्यक्षांनी विषय संपवला. कुजबुज संपली नाही. मागच्या सोहळ्यात एक कडं निखळून पडलं, तेव्हा विद्यापीठाच्या मंडळानं ठरावच केला, की पुन्हा पडलं तर मामांचा मान काढून घ्यायचा.

पंचनाम्यात कुलूप शाबूत निघालं. त्याच कपाटातलं चांदीचं तबक जागेवर होतं.

"चोर लई दिलदार दिसतो साहेब," माझे मूळ दिंद्रुड गावचे हवालदार म्हणाले. "तबक सोडलं अन् काठी नेली. म्हसरं हाकायला नेली का काय?"

दुपारी निनावी फोन आला. मामांना सायकलवरून धोतरात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक नेताना कोणीतरी पाहिलं होतं. खबर देणाऱ्याच्या आवाजात काळजीपेक्षा आनंद जास्त होता.

मामांना ठाण्यात बोलावलं.

"काठी तुम्ही नेली?"

"नेली."

"कावून?" हवालदारांनी विचारलं.

"ते सांगत न्हाई."

"अहो मामा, चोरीचा गुन्हा लागंल की!"

"लागू द्या. सोहळ्याला काठी येती, एवढं ल्याहून घ्या."

दोन तास झाले, दोनदा चहा झाला. मामा माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बसले होते. शेवटी मी ठरावाची प्रत चाळत सहज हवालदारांना विचारलं, "घट्ट बसवलेलं कडं पडतंच कसं?"

"लाकूड वाळलं की पडणारच. आमच्याकडं उन्हाळ्यात गाडीच्या चाकाची लोखंडी धाव ढिली होती. मंग चाक पाण्यात बुडवून ठेवतो. लाकूड फुगतं, धाव गच्च बसती."

मामांनी पहिल्यांदाच मान खाली घातली.

आड, विहिरी कोरड्या होत्या. भरलेला हौद पंचक्रोशीत एकच, चारा छावणीतला. आम्ही तिघंही तिथं गेलो. हवालदारांनी बाह्या सारून हात घातला. तळाशी, दगडाखाली, अध्यक्षपदाची सगळी परंपरा भिजत पडली होती. घटनास्थळी एक म्हैस शांतपणे पाणी पीत होती. तिचा जबाब घेतला नाही.

"सोहळ्यात कडं पडलं असतं तर मान गेला असता," मामा म्हणाले. "अन् इथं ठिवली सांगितलं तर इटाळली म्हणतील. आधीच माझा हात, त्यात जनावराचं पाणी."

सोहळ्याच्या सकाळी मी काठी हौदातून काढून परत केली. "कुठं सापडली?" मंडळातल्या एकानं सगळ्यांसमोर विचारलं. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मामाच बोलले, "छावणीच्या हौदात. म्याच ठिवलती."

"जनावरांच्या पाण्यात?"

नवे अध्यक्ष उठले. त्यांनी काठी हातात घेऊन कानाशी जोरात हलवली. एकही कडं वाजलं नाही.

"मामा," काठी पुढं करत ते म्हणाले, "चला पुढं."

तक्रार अर्ज निकाली काढला. गप्प माणूस गुन्हा लपवतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. काही माणसांना आपलं चोख कामही लपवावं लागतं, हे कुठल्या नियमपुस्तिकेत नव्हतं. त्यानंतर चौकशीला बसलो की मी आधी एवढंच पाहायचो, की हा माणूस खरं बोलला तर त्याला कोणाची भीती आहे.